कन्सेप्शनच्या आखातातील महामाकूळ

नॉर्वेच्या किनाऱ्यावरील कोळी ज्या अजस्र सागरी प्राण्याला क्राकेन म्हणत, त्याचे वर्णन बर्गेनचे बिशप एरिक पोंटोप्पिदान यांनी अठराव्या शतकाच्या मध्यास आपल्या नॉर्वेच्या निसर्गेतिहासात मोठ्या आस्थेने नमूद करून ठेवले. परंतु बेटाएवढ्या पाठीच्या त्या प्राण्याची कैफियत विद्वत्सभांना खलाशांचे कल्पनाजाल वाटली, आणि अतिशयोक्तीबरोबर तिच्यातील सत्यांशही फेटाळला गेला. पुढे १८५७ मध्ये डेन्मार्कचे प्राणिशास्त्रज्ञ यापेटुस स्टीनस्ट्रुप यांनी किनाऱ्याला लागलेल्या एका प्रेताच्या चोचीवरून त्याला आर्किट्यूथिस हे शास्त्रीय नाव दिले, तेव्हा तो माकुळाच्याच कुळातला असल्याचे ठरले. तरीही १८६१ च्या नोव्हेंबरात आलेक्तों या फ्रेंच युद्धनौकेने तेनेरीफ बेटाजवळ असा एक जीव गाठून, त्याच्यावर गोळ्या झाडून, त्याला दोराच्या फासात आवळले आणि अखेर शेपटीचा एक तुकडा तेवढा हाती लागला, ही हकीकत पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे दाखल झाली असताही शंका घेणारे होतेच.

शंकेचे निरसन झाले ते न्यू फाउंडलंडमध्ये. हे बेट त्या काळी ब्रिटिशांची स्वतंत्र वसाहत होते. कॉड मासा हीच तेथली शेती आणि तोच तेथला महसूल, आणि कॉडला आमिष म्हणून लहान माकूळ तेथे नित्य पकडले जात असल्यामुळे त्या प्राण्याचे अंगप्रत्यंग पोराटोरांच्याही परिचयाचे होते. १८७३ च्या ऑक्टोबरात कन्सेप्शनच्या आखातात होडी हाकणाऱ्या कोळ्यांना पाण्यावर काहीतरी मोठे तरंगताना दिसले. फुटक्या गलबताचा अवशेष असावा अशा समजुतीने त्यांनी त्याला आकडी टोचताच ते चवताळून उठले, त्याने होडीवर भुजा टाकल्या, आणि कुऱ्हाडीने त्या तोडल्या तेव्हाच काळी शाई सोडीत ते दूर झाले. त्यांतील एका भुजेचा १९ फूट लांबीचा तुकडा सेंट जॉन्सचे धर्मोपदेशक मोझेस हार्वी यांच्याकडे पोचला, आणि त्याचे मोल त्यांनी तत्क्षणी ओळखले.

पुढच्याच महिन्यात लोजी बे येथे हेरिंगच्या जाळ्यात असाच एक महामाकूळ गुंतला. कोळ्यांनी तो सुऱ्यांनी मारला, आणि हार्वींनी १० डॉलर मोजून त्याचे कलेवर घरी आणविले. स्नानगृहातील दांडीवर त्याचे मस्तक व भुजा पसरून त्यांनी जे छायाचित्र काढविले, ते या प्राण्याचे पहिले छायाचित्र होय. ज्या गोष्टीवर पिढ्यान्‌पिढ्या वाद चालला होता, तिची खातरजमा आता कोणालाही डोळ्यांनी करता येऊ लागली, आणि म्हणून ते १० डॉलर प्राणिशास्त्राच्या इतिहासातील अत्यंत सार्थकी लागलेल्या खर्चांपैकी आहेत असे मी मानतो. येल विद्यापीठाचे ॲडिसन व्हेरिल यांनी त्या दशकातील अशा अवशेषांचा तपशीलवार अभ्यास प्रसिद्ध केला. मात्र प्रत्येक गावी हार्वी नव्हते. १८७८ मध्ये थिंबल टिकल येथे सापडलेल्या महामाकुळाचे धड २० फूट आणि एक भुजा ३५ फूट भरल्याची नोंद आहे, पण त्याचे मांस कुत्र्यांच्या मुखी पडले. हिवाळ्यासाठी कुत्र्यांची तजवीज करणाऱ्या त्या दरिद्री लोकांना दोष देण्यास मन धजत नाही.

हा जीव सहसा जिवंत का दिसत नसे, याचा उलगडा त्याच्या देहातच आहे. त्याच्या मांसात अमोनियायुक्त क्षार साठलेले असल्यामुळे ते समुद्राच्या पाण्याहून हलके असते. साहजिकच शेकडो मीटर खोलीवरील अंधारात जगणारा हा प्राणी बहुधा मरणासन्न किंवा मृत झाल्यावरच वर येतो. त्याच्या वास्तव्याचा ठाव स्पर्म व्हेल या देवमाशालाच खरा ठाऊक, कारण त्याच्या जठरात या माकुळांच्या चोची सापडतात. याच देवमाशांचा माग धरून त्सुनेमी कुबोदेरा व क्योइची मोरी या जपानी संशोधकांनी ओगासावारा बेटांजवळ लहान माकुळाचे आमिष आणि कॅमेरा खोल सोडला, आणि सप्टेंबर २००४ मध्ये सुमारे ९०० मीटर खोलीवर जिवंत महामाकुळाची ५०० हून अधिक छायाचित्रे मिळविली.

हार्वींच्या नावाने एक निराळी जाती शास्त्रात रूढ झाली होती. २०१३ साली ४३ नमुन्यांच्या जनुकीय परीक्षणावरून जगभरातील हे सर्व महामाकूळ एकाच जातीचे असल्याचे दिसून आले, आणि तो मान स्टीनस्ट्रुप यांनी दिलेल्या नावाकडे गेला. ते नमुनेही किनाऱ्यावर वाहून आलेल्या आणि मच्छीमारांच्या जाळ्यांत सापडलेल्या देहांतूनच जमविलेले होते.