कॅथरीन चाउनची खंडणी

मराठा आरमारप्रमुख कान्होजी आंग्रे यांच्या कैदेतील एका इंग्रज मुलीला व तिच्याबरोबरच्या इतर युरोपियनांना सोडवण्यासाठी ईस्ट इंडिया कंपनीने फेब्रुवारी १७१३ मध्ये कुलाबा किल्ल्यावर पोहोचती केलेली ३०,००० रुपयांची रक्कम.

कॅथरीन कूक १७०९ मध्ये आईवडिलांबरोबर बंगालकडे निघाली होती. जहाज कारवारला थांबले असता तेथील वखारीचा प्रमुख जॉन हार्वे याच्याशी तिचे लग्न लावून देण्यात आले. नवरा उतारवयाचा, नवरी तेरा-चौदा वर्षांची. १७१२ मध्ये हार्वे वारला आणि तिने वखारीतल्याच थॉमस चाउन या तरुण नोकराशी लग्न केले. हार्वेच्या मालमत्तेचा निकाल मुंबईत लागायचा होता, म्हणून नोव्हेंबरात दोघे मिरी आणि मेण भरलेल्या जहाजातून निघाले. सोबतीला मुंबईच्या गव्हर्नरची सशस्त्र नौका होती.

आंग्र्यांच्या गुराबांनी (लढाऊ जहाजांनी) त्यांना समुद्रातच गाठले. तोफेच्या गोळ्याने चाउनचा हात तुटला आणि तो पत्नीच्या डोळ्यांदेखत गेला. सोळा-सतरा वर्षांची, दुसऱ्यांदा विधवा झालेली आणि गरोदर अशी ती कुलाब्याच्या कैदेत आली.

इंग्रजांच्या कागदोपत्री ही सरळसरळ चाचेगिरी. पण हर्णैचा सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि कुलाबा हाताशी असलेले कान्होजी या किनाऱ्याचे धनी म्हणून दस्तक (परवाना) मागत; ते न घेणारे गलबत धरले जाई. मुंबईकर इंग्रजही देशी व्यापाऱ्यांना आपले परवाने घ्यायला लावतच होते, तेव्हा त्यांचा संताप थोडा सोयीचाच म्हणायचा.

तडजोडीची बोलणी कान्होजींकडूनच सुरू झाली. गव्हर्नर विल्यम एस्लाबी यालाही तह हवा होता. मात्र कुलाब्याला जायला कोणी धजेना. अखेर लेफ्टनंट मॅकिंटॉश पैसे घेऊन गेला आणि कैद्यांना घेऊन परतला. खंडणी बहुधा लपूनछपून दिली जाते: अमेरिकेत १९३२ साली वैमानिक लिंडबर्ग यांच्या पळवून नेलेल्या लहान मुलासाठी रात्री कब्रस्तानात ५०,००० डॉलर दिले गेले. मूल आधीच मारले गेले होते आणि टिपून ठेवलेल्या नोटांच्या क्रमांकांवरून १९३४ मध्ये आरोपी सापडला. याउलट कुलाब्याचा व्यवहार तहाचा भाग म्हणून उघडपणे झाला. पैसे घेणारा कोण, हे साऱ्या किनाऱ्याला ठाऊक होते. तह मात्र फार टिकला नाही. १७१५ अखेर आलेल्या चार्ल्स बून या गव्हर्नरने विजयदुर्ग आणि खांदेरीवर आरमार पाठवले. दोन्हीकडून ते हात हलवत परतले.

मुंबईत कॅथरीनला मुलगा झाला. तिचा तिसरा नवरा, कंपनीचाच अधिकारी विल्यम गिफर्ड, १७२१ मध्ये केरळात अट्टिंगलच्या उठावात मारला गेला. त्याच वर्षी कमोडोर मॅथ्यूज याने पोर्तुगीजांच्या साथीने कुलाब्यावर चढाई केली आणि मार खाल्ला. पुढे कंपनीने गिफर्डच्या हिशेबावरून कॅथरीनमागे तगादा लावला, तेव्हा तिने आसरा घेतला तो याच मॅथ्यूजच्या जहाजावर, आणि त्यातूनच ती इंग्लंडला गेली.