सुधारित आवृत्तीतला राक्षस

‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ या खेळात राक्षस कसा मरतो, हे छापील नियमानं ठरतं. १९७७ साली या खेळाचा ‘मॉन्स्टर मॅन्युअल’ नावाचा प्राणिकोश निघाला. त्यात ड्रॅगन आणि ऑर्क यांच्या पंगतीत आपला राक्षसही आहे, नावासकट. डेव्हिड ट्रॅम्पियर या चित्रकारानं त्याला वाघाचं डोकं दिलंय, अंगात उंची झगा, हातात पाइप. एखाद्या क्लबातला जुना सभासद वाटावा. हा राक्षस मायावी आहे. ज्याच्यावर तुमचा विश्वास आहे त्याचंच रूप घेऊन तो येतो आणि मग खातो. मात्र क्रॉसबोचा, म्हणजे आडव्या धनुष्याचा, अभिमंत्रित बाण लागला की तो जागच्या जागी मरतो.

हा बाण रामायण-महाभारतात शोधायला जाऊ नये. १९७४ च्या डिसेंबरात अमेरिकन दूरचित्रवाणीवर ‘कोलचॅक’ या भयमालिकेचा एक भाग दाखवला गेला. त्यात विश्वासू माणसाच्या रूपात येणारा राक्षस आहे आणि त्याला मारणारा क्रॉसबोही. खेळाच्या इतिहासाचे अभ्यासक धागा तिथे नेऊन जोडतात.

पुढची गंमत आवृत्त्यांची. २००३ च्या, ‘साडेतीनावी’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या आवृत्तीत हा तत्काळ मृत्यू गेला. आता राक्षसाला पुरती इजा करायची तर शस्त्र टोकदारही हवं आणि सत् शक्तीचंही. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत सत्प्रवृत्त माणसाच्या हातातलं जादुई टोकदार शस्त्र त्याला दुप्पट लागतं. क्रॉसबो गेला, मंत्र गेला. टोक आणि चांगुलपणा तेवढा उरला. ‘टोकदारच का?’ याचं उत्तर नव्या पुस्तकात नाही, ते १९७७ च्या पुस्तकात आहे. हस्तलिखितांच्या नकला ज्यांनी ताडून पाहिल्यात त्यांना हा प्रकार ओळखीचा वाटेल. कारण विसरलेलं असतं, खूण तेवढी नकलणाऱ्याच्या हातून पुढे जात राहते.

मी मुद्रितशोधन करते. हा खेळ बंगळुरूत मित्रांबरोबर काही वर्षं खेळते आहे, आणि दोन आवृत्त्या शेजारी ठेवून वाचायची धंद्यातली सवय इथेही सुटलेली नाही. ज्यांनी हा खेळ पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. एक जण जग सांगतो, त्याला डन्जन मास्टर म्हणतात. बाकीचे एकेक पात्र होऊन त्या जगात वावरतात. एखादी गोष्ट साधेल की नाही असा प्रश्न आला की फासा टाकायचा. जिंकणं-हरणं नसतं, कधी कधी वर्षभर एकच गोष्ट चालते. फाशाचं काय करायचं ते सांगायला पुस्तक.

पहिलं पुस्तक म्हणजे खरं तर तीन पातळ पुस्तिका. १९७४ साली विस्कॉन्सिनमधल्या लेक जिनिव्हा या गावातून गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी त्या काढल्या. एका खोक्यात तिन्ही, किंमत १० डॉलर, पहिली छपाई १००० प्रतींची. एवढ्यावर खेळ सुरू होईल असं मात्र नव्हतं. लढाईसाठी ‘चेनमेल’ ही १९७१ ची वेगळी नियमावली हवी आणि रानावनातल्या प्रवासासाठी भलत्याच कंपनीच्या ‘आउटडोअर सर्व्हायव्हल’ या खेळाचा पट. मुद्रितशोधन तर विचारूच नका. प्राणी गुहेत सापडण्याची टक्केवारी देणाऱ्या रकान्याच्या डोक्यावर ‘लेअर’ऐवजी ‘लायर’ छापलं गेलं. एका अक्षराची उलटापालट, आणि गुहेच्या जागी लबाड. हा प्राणी शंभरात किती वेळा खोटं बोलतो ते दिलंय, असं कुणी समजलं असेल तर दोष त्याचा नाही.

तिसऱ्या पुस्तिकेच्या शेवटी गायगॅक्सचा सल्ला होता की जिथे अडेल तिथे स्वतःच ठरवा, तुमची कल्पना आम्ही कशाला करू. लोकांनी तो मनावर घेतला. कॅलटेकच्या विद्यार्थ्यांनी १९७५ मध्ये ‘वॉरलॉक’ नावाचे स्वतःचे नियम छापले. त्याच वर्षी केन सेंट आंद्रे यानं ‘टनेल्स अँड ट्रोल्स’ हा वेगळाच खेळ काढला. मराठी घरांत मेंढीकोट जसा दर वाड्यात थोडा वेगळा खेळला जाई आणि पाहुणा आला की आधी ‘तुमच्याकडे कसं?’ असं विचारावं लागे, तसंच हे चाललं होतं.

मग प्रकाशकाला ते परवडेना. संमेलनांमधून स्पर्धा होऊ लागल्या होत्या आणि स्पर्धेला एकच नियम लागतो. शिवाय खेळ नवा ठरला तर आर्नेसनला मानधन द्यावं लागणार नव्हतं. १९७७ ते १९७९ या काळात ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ असं विशेषण लावून तीन जाडजूड पुस्तकं आली, त्यांवर लेखक म्हणून एकट्या गायगॅक्सचं नाव. आर्नेसननं १९७९ साली दावा लावला, १९८१ मध्ये तडजोड झाली. आणि चार वर्षांपूर्वी ‘तुम्हीच ठरवा’ म्हणणारा माणूस आता सगळ्यांनी एकाच पद्धतीनं खेळावं असा आग्रह धरू लागला.

त्या नव्या पुस्तकांतली एक गोष्ट मला अजून खुपते. १९७८ च्या ‘प्लेयर्स हँडबुक’मध्ये स्त्री-पात्राच्या ताकदीला वरची मर्यादा घातली. मानवी पुरुष सर्वोच्च आकड्यापर्यंत जाऊ शके, मानवी स्त्री त्याच्या अलीकडे थांबे. १९७४ च्या पुस्तिकांत असं काही नव्हतं. म्हणजे हा जुना पूर्वग्रह चालत आलेला नव्हता, तो सुधारणेत घातला गेला. ज्या जगात चेटकीण बोटांतून आग काढते तिथे वास्तवाची आठवण नेमकी इथेच व्हावी! १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीनं ती ओळ काढली, फारसा गाजावाजा न करता.

गाजावाजा न करता काढलेल्या गोष्टींची यादी मोठी आहे, आणि मला वाटतं या पुस्तकांचा खरा इतिहास तिथेच आहे. पहिल्या पुस्तिकांत हॉबिट होते, एंट होते, बॅलरॉग होता. टॉल्किनच्या हक्कधारकांकडून नोटीस आली आणि पुढच्या छपाईत हॉबिटचे हाफलिंग झाले, एंटचे ट्रीएंट. १९८० च्या ‘डीटीज अँड डेमीगॉड्स’ या देवदेवतांच्या पुस्तकात क्थुल्हूची आणि मूरकॉकच्या मेल्निबोनेची प्रकरणं होती. ते हक्क दुसऱ्या प्रकाशकाकडे होते, म्हणून नंतरच्या छपायांत दोन्ही गेली. त्याच पुस्तकात एक भारतीय प्रकरण आहे. इंद्र, अग्नी, वरुण, विष्णू, लक्ष्मी, काली, प्रत्येकाला चिलखताचा आकडा, प्रत्येकाला किती घाव सोसवतात त्याचा आकडा. ते प्रकरण राहिलं. मेल्निबोनेच्या एल्रिकला प्रकाशक होता, इंद्राच्या वतीनं नोटीस कोण पाठवणार? मी चिडून म्हणत नाही. इंद्राची फजिती आपल्या पुराणांनी काही कमी केलेली नाही. पण ज्यांची आजही पूजा होते ते देव आणि विसाव्या शतकातल्या कादंबरीतला नायक एकाच तक्त्यात बसले, आणि त्यांतला कादंबरीवाला तेवढा वकिलामुळे सुटला, हे नोंदवून ठेवण्यासारखं आहे.

१९८० च्या दशकात या खेळामुळे मुलं सैतानाच्या नादी लागतात अशी ओरड अमेरिकेत उठली. मुलाच्या आत्महत्येनंतर एका आईनं १९८३ मध्ये खेळाविरुद्ध संघटनाच काढली. परिणाम दुसऱ्या आवृत्तीत दिसतो. ‘डीमन’ आणि ‘डेव्हिल’ हे शब्द गायब, १९९१ मध्ये तेच प्राणी ‘तानारी’ आणि ‘बातेझू’ या बनावट नावांनी परतले. मारेकऱ्याचा पेशाही गेला आणि अर्ध-ऑर्कही.

नंतरची वर्षं भराभर सांगते. १९९७ मध्ये कंपनी ‘विझर्ड्स ऑफ द कोस्ट’नं घेतली, १९९९ मध्ये त्यांना हॅस्ब्रोनं. २००० च्या तिसऱ्या आवृत्तीत चिलखताचा हिशेब सुलट झाला. तोवर चिलखत जितकं भक्कम तितका आकडा लहान असे, आणि ते समजावताना कित्येक संध्याकाळी गेल्या असतील. त्याच वर्षी एक खुला परवाना आला: नियमांचा गाभा कुणीही वापरावा, त्यावर स्वतःची पुस्तकं काढावीत. २००८ च्या चौथ्या आवृत्तीला तो लावला नाही, तर जुन्या नियमांवर पैझो या कंपनीनं २००९ मध्ये ‘पाथफाइंडर’ उभा केला. आवृत्ती मागे घेतली तरी पुस्तक मागे घेता येत नाही, हे तेव्हा दिसलं.

२०२४ च्या सुधारित ‘प्लेयर्स हँडबुक’मध्ये ‘रेस’ हा शब्द जाऊन ‘स्पीशीज’ आला आणि जन्मानं मिळणारे गुणांक पात्राच्या पूर्वायुष्याशी जोडले गेले. आमच्या टेबलावर चार भाषा बोलल्या जातात. ‘रेस’ला आम्ही मराठीत वंश म्हणत होतो. एकदा एका मित्रानं सहज विचारलं, ‘तुझ्या पात्राची जात कोणती?’ आंब्याची जात विचारावी तसं. पण दोघे जण फासा हातात धरून थांबले. इंग्रजीत शब्द बदलला की प्रश्न सुटल्यासारखा दिसतो. मराठीत ‘प्रजाती’ म्हटलं तरी आत तोच धातू, जन्, वाजत राहतो. आणि त्याच पुस्तकातून अर्ध-एल्फ आणि अर्ध-ऑर्क बाहेर गेले. ‘अर्ध’ हा शब्द अपमानकारक आहे, कबूल. पण अपमानाचा शब्द काढताना मिश्र माणसालाच यादीतून काढलं, हे मला पटलेलं नाही. अर्ध-ऑर्क तर १९८९ मध्ये मुख्य पुस्तकातून गेला, २००० मध्ये आला, २०२४ मध्ये पुन्हा गेला.

हे सगळं मला सांगता येतं कारण जुनी पुस्तकं कपाटात आहेत. छापील आवृत्ती आधीच्या आवृत्तीला पुसत नाही, शेजारी येऊन बसते. ऑगस्ट २०२४ मध्ये मात्र कंपनीनं जाहीर केलं की तिच्या ‘डी अँड डी बियाँड’ या डिजिटल मंचावरच्या पात्रपत्रिकांत २०१४ चे मंत्र आणि जादुई वस्तू यांच्या जागी नवे येतील. लोकांनी पैसे मोजून घेतलेल्या पुस्तकांतला मजकूर होता तो. खेळाडू इतके भडकले की काही दिवसांतच निर्णय फिरवावा लागला. त्याआधी, जानेवारी २०२३ मध्ये, २००० चा खुला परवाना रद्द ठरवून साडेसात लाख डॉलरहून जास्त कमावणाऱ्यांकडून हिस्सा मागणारा मसुदा फुटला होता. त्या वेळीही माघारच घ्यावी लागली, आणि पाचव्या आवृत्तीच्या नियमांचा गाभा क्रिएटिव्ह कॉमन्सखाली खुला झाला. तो परवाना परत घेता येत नाही. फ्रेंच, जर्मन, इटालियन आणि स्पॅनिश भाषांत कंपनीनंच पुढे तो मजकूर दिला.

मराठीत करायला कुणाची परवानगी लागत नाही, म्हणून मी राक्षसाचं पान करायला घेतलं. आकडे सोपे होते. ‘गुड’ला चांगला म्हणावं, सज्जन म्हणावं की सत्प्रवृत्त, यावर एक रविवार गेला. मग टेबलावर कुणीतरी विचारलं की जादूचा भाला बिभीषणाच्या हातात असेल तर राक्षसाला दुप्पट इजा होईल का. पुस्तकाप्रमाणे राक्षस दुष्टच असतो. पण बिभीषण सत्प्रवृत्त, याबद्दल टेबलावर कुणाचंच दुमत नव्हतं. आमच्या डन्जन मास्टरनं दुप्पट धरली.