डॅशबोर्डचे दिवे : घरच्या घरी एलईडी बसवणे

मोटारगाडीच्या डॅशबोर्डवरील मीटर, एसीची बटणे व कळा रात्री उजळण्यासाठी आत तारेचे छोटे बल्ब असतात. ते काढून त्याच मापाचे एलईडी दिवे बसवण्याचे हे घरगुती काम आहे. भारतात ते मुख्यतः मारुती ८००, झेन, सँत्रो, इंडिका यांसारख्या जुन्या गाड्यांवर केले जाते, कारण त्यांच्या मीटरमागचे बल्ब हाताने फिरवून निघतात. पुढच्या काळातील बऱ्याच गाड्यांत कारखान्यातूनच एलईडी येतात आणि ते पट्टीवर डाग देऊन पक्के केलेले असतात. तिथे सोल्डरिंगचा सराव असल्याशिवाय हात घालू नये.

बदल करण्याचे कारण बहुधा साधे असते. वर्षानुवर्षांच्या उष्णतेने बल्बची काच आतून काळवंडते, एखादा बल्ब जातो आणि मीटरचा अर्धा भाग अंधारात राहतो. इंजिन चालू असताना अल्टरनेटर साधारण १३.५ ते १४.५ व्होल्ट देतो. १२ व्होल्टचा म्हणून विकला जाणारा बल्ब त्या दाबाखाली लवकर थकतो. ३ वॉटचे पाच बल्ब मिळून १५ वॉट खातात आणि त्याचा बहुतेक भाग उष्णता होऊन मीटरच्या बंद डब्यात साठतो. एलईडी तेच काम त्या विजेच्या लहानशा हिश्श्यात करतो.

लाल एलईडी निक होलोन्याक यांनी १९६२ मध्ये जनरल इलेक्ट्रिकमध्ये तयार केला, पण मीटरला हवा होता पांढरा किंवा निळा प्रकाश. १९९३ मध्ये जपानच्या निचिया कंपनीत शुजी नाकामुरा यांनी तेजस्वी निळा एलईडी साधला. त्यावर पिवळ्या फॉस्फरचा लेप देऊन पांढरा एलईडी १९९६ मध्ये बाजारात आला. निळ्या एलईडीसाठी अकासाकी, अमानो व नाकामुरा यांना २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. पुण्याच्या बुधवार पेठेतील तापकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर आज सहज मिळणाऱ्या छोट्या एलईडीचे मूळ या संशोधनात आहे.

बल्बची मापे. मीटरच्या मुख्य उजेडासाठी बहुधा चपट्या काचेच्या बुडाचा टी १० बल्ब असतो, तर सूचक दिव्यांसाठी त्याचाच धाकटा भाऊ टी ५. टीपुढचा आकडा काचेचा व्यास मिलिमीटरमध्ये सांगतो. काही गाड्यांत बल्ब आणि प्लॅस्टिकचा होल्डर एकसंध असतो, तिथे तसाच एकसंध एलईडी आणावा लागतो. एसीच्या बटणांमागे गव्हाच्या दाण्याएवढे बल्ब सापडतात. अंदाजाने खरेदी करू नये. जुना बल्ब काढून सोबत न्यावा, कारण स्वस्त एलईडीची बुडे कमी-जास्त जाड असतात आणि सैल बसलेला दिवा खड्ड्यागणिक लुकलुकतो.

रंग. या कामात सर्वाधिक निराशा रंगाच्या निवडीत होते. मीटरचा हिरवा किंवा नारिंगी रंग बल्बचा नसतो. तो तबकडीच्या मागच्या अर्धपारदर्शक रंगाचा किंवा बल्बवर चढवलेल्या रबरी टोपीचा असतो. तारेचा बल्ब २७०० केल्विनच्या आसपासचा पिवळसर प्रकाश देतो, त्यात लाल भाग भरपूर असतो. ६००० केल्विनच्या पांढऱ्या एलईडीत निळ्याचा जोर असतो आणि लाल तोकडा पडतो. तो नारिंगी तबकडीमागे लावला की मीटर मळकट दिसते आणि लाल काटा फिका पडतो. निळा एलईडी लावला तर जवळपास अंधारच होतो, कारण नारिंगी थर निळा प्रकाश गिळतो. म्हणून तबकडी ज्या रंगाची, त्याच रंगाचा एलईडी घ्यावा. काटा लाल असेल तर उबदार पांढरा घ्यावा.

बाजारात खप निळ्याचा जास्त आहे. फोक्सवॅगनने १९९० च्या दशकाच्या अखेरीस निळे मीटर व लाल काटे आणले आणि ते अनेकांच्या मनात भरले. रात्रभर गाडी चालवणाऱ्याने मात्र हा मोह टाळावा. अंधाराला सरावलेल्या डोळ्यातील दंडपेशी निळ्या-हिरव्या प्रकाशाला फार संवेदनशील असतात आणि लाल प्रकाशाला जवळजवळ आंधळ्या. खालून सतत येणारा निळा उजेड त्यांचा सराव मोडतो, आणि अंधारातला पादचारी किंवा दिव्याविना चाललेली बैलगाडी दिसायला तेवढा उशीर होतो. वय वाढलेल्या डोळ्यांना निळी अक्षरे नीट केंद्रितही करता येत नाहीत. बीएमडब्ल्यूने वर्षानुवर्षे नारिंगी-लाल उजेड राखला, तो याच विचाराने.

प्रकाशाची दिशा. तारेचा बल्ब चहूकडे उजळतो आणि मीटरच्या डब्याचे पांढरे आतील अंग तो प्रकाश पसरवते. एलईडी समोरच झोत टाकतो. त्यामुळे तबकडीवर मध्ये पांढरा डाग आणि कडेला काळोख, असे दृश्य दिसते. चारही बाजूंना व माथ्यावर चिप असलेला दिवा घेतला की हे बरेच टळते. गोल टोकाचा एलईडी असेल तर बारीक पॉलिश पेपरने त्याचे डोके धूसर करून घ्यावे.

कृती. बॅटरीची ऋण तार सोडून काही मिनिटे थांबावे, कारण एअरबॅगच्या यंत्रणेत तेवढा वेळ वीज साठलेली राहते. मीटरभोवतीची फ्रेम काढावी, मीटरचे स्क्रू सोडवावेत आणि कपलर खटका दाबून काढावा. वायर धरून ओढू नये. जुन्या गाडीत स्पीडोमीटरची केबलही सोडवावी लागते. मीटरच्या पाठीवर तांब्याच्या रेषा छापलेली लवचीक पट्टी असते. होल्डर पाव फेरा फिरवून अलगद काढावा, पट्टीला ओरखडा पडू देऊ नये. काटे कधीही उपटू नयेत, ते परत लावताना वेगाचे माप चुकते.

एलईडीतून वीज एकाच दिशेने वाहते. म्हणून फ्रेम बसवण्याआधी कपलर व बॅटरी जोडून, इग्निशन बंद ठेवून, फक्त पार्किंग लाइट लावून पाहावे. जो दिवा लागणार नाही, तो उलटा करून बसवावा. मीटर सुटलेले असताना इग्निशन चालू केले, तर काही गाड्यांत एअरबॅगचा दोष नोंदला जातो आणि तो स्कॅनरशिवाय जात नाही.

डिमर. जुन्या गाड्यांत उजेड कमी-जास्त करायला रिऑस्टॅट असतो. तो १० ओहमचा धरला, तर १५ वॉटचे बल्ब असताना बल्बांना मिळणारा दाब निम्म्याच्याही खाली जातो. त्याच जागी एकूण ०.१५ अँपिअर घेणारे एलईडी लावले तर दाब जेमतेम १.५ व्होल्टने घटतो आणि डिमर फिरवूनही फरक दिसत नाही. म्हणून मुळातच सौम्य एलईडी निवडावेत किंवा स्पंदनांनी उजेड घटवणारा वेगळा डिमर लावावा.

सूचक दिवे. तबकडीचा उजेड आणि सूचक दिवे यांत फरक आहे. सूचक दिव्यांपैकी काही बल्ब केवळ दिवे नसतात, ते विद्युतमंडलाचा भाग असतात.

पहिला, बॅटरीचा लाल दिवा. जुन्या रचनेत चावी फिरवताच याच बल्बमधून अल्टरनेटरच्या चुंबकी गुंडाळीत वीज जाते आणि तिथे सुरुवातीचे चुंबकत्व तयार होते. २ ते ३ वॉटचा बल्ब ०.१७ ते ०.२५ अँपिअर जाऊ देतो. एलईडी ०.०२ अँपिअरच्या आसपासच जाऊ देतो. मग इंजिन सुरू होऊनही बॅटरी भरत नाही, किंवा जोरात रेस दिल्यावरच भरू लागते. इथला बल्ब बदलू नये. बदलायचाच असेल तर त्याला समांतर ४७ ओहम, ५ वॉटचा रेझिस्टर जोडावा आणि तो प्लॅस्टिकपासून दूर ठेवावा, कारण तो चांगलाच तापतो.

दुसरा, इंडिकेटरचा एकच बाण असलेल्या जुन्या गाड्यांतला दिवा. तो डाव्या व उजव्या तारांच्या मध्ये जोडलेला असतो आणि विरुद्ध बाजूच्या बाहेरच्या बल्बांतून त्याला अर्थिंग मिळते. वळण बदलले की विजेची दिशा उलटते, म्हणून साधा एलईडी एकाच बाजूला लुकलुकतो. दोन्ही दिशांनी चालणारा एलईडी मिळतो, तो घ्यावा.

तिसरा, पेट्रोल संपत आल्याचा दिवा. काही गाड्यांत टाकीतला थर्मिस्टर (तापला की रोध घटणारा भाग) पेट्रोलाबाहेर उघडा पडला की बल्बच्या विजेने तापतो, त्याचा रोध घटतो आणि दिवा उजळतो. एलईडीतून इतकी कमी वीज जाते की थर्मिस्टर तापतच नाही, उलट टाकी भरलेली असतानाही एलईडी मंद पेटलेला राहतो.

सूचक दिव्यांचे रंगही आपल्या आवडीने बदलू नयेत. लाल म्हणजे धोका, पिवळसर म्हणजे सावधगिरी, निळा म्हणजे अप्पर लागलेला आहे, ही जगभरची रूढ खूण आहे. काचेवर रंग आधीच असेल तर आत त्याच रंगाचा एलईडी लावावा.

मोटार वाहन अधिनियम, १९८८ चे कलम ५२ नोंदणीपत्रातील तपशिलाशी विसंगत फेरफाराला मनाई करते. मीटरच्या बल्बची नोंद त्या पत्रात नसते, म्हणून हे कलम या कामाच्या आड येत नाही. अडचण येते ती वॉरंटीची. वॉरंटीत असलेल्या गाडीची तार कापली किंवा जोडली, तर विद्युत दोषाची दुरुस्ती कंपनी नाकारू शकते. म्हणून तार न कापता होल्डरमध्ये बसणारे एलईडीच वापरावेत आणि काढलेले बल्ब जपून ठेवावेत.