अखेरची वीस मिनिटे

भारताच्या राष्ट्रीय फुटबॉल संघाविषयी बोलणे निघाले की लोक प्रथम अनवाणी पायांची गोष्ट काढतात आणि तिच्या पाठोपाठ १९५० सालच्या विश्वचषकाची. ह्या दोन गोष्टींनी आपल्या फुटबॉलचा सारा पूर्वेतिहास इतका व्यापून टाकला आहे की, ज्या एका साध्या वहिवाटीने ह्या संघाचे भाग्य वारंवार ठरविले, तिच्याकडे फारसे कोणाचे लक्षच गेलेले नाही. ती वहिवाट म्हणजे सामन्याची मुदत. बाहेरचे जग नव्वद मिनिटे खेळत असताना आपल्याकडील बहुतेक सामने, उष्मा आणि दमट हवा ध्यानात घेऊन, सत्तर मिनिटांतच उरकले जात, आणि हा दंडक स्वातंत्र्यानंतरही दीर्घकाळ टिकून राहिला. ज्या खेळाडूच्या देहाला वयाच्या पंधराव्या वर्षापासून सत्तर मिनिटांचे माप अंगवळणी पडले आहे, त्याने परमुलखात जाऊन आणखी वीस मिनिटे त्याच वेगाने धावावे, अशी अपेक्षा आपण करीत आलो. माझ्या मते आपल्या संघाचे आंतरराष्ट्रीय चरित्र ह्या अखेरच्या वीस मिनिटांच्या बाजूने वाचल्यावाचून नीट उलगडत नाही.

खेळ आला तो गोऱ्या पलटणींबरोबर, आणि पलटणींच्या सोयीनेच त्याची व्यवस्था लागली. सिमल्यात १८८८ साली ड्युरँड चषक, मुंबईत १८९१ साली रोव्हर्स चषक आणि कलकत्त्यात १८९३ साली आय. एफ. ए. शील्ड अशा क्रमाने स्पर्धा उभ्या राहिल्या, आणि १९११ च्या जुलैत मोहन बागानने ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटचा २-१ असा पराभव करून ते शील्ड जिंकले तेव्हा हा खेळ प्रथमच आपला झाला. त्या संघातील एक खेळाडू वगळता बाकी सारे अनवाणी होते. कलकत्त्याच्या पावसाळी चिखलात उघड्या पायाला चेंडूचा जो स्पर्श कळतो तो चामड्याच्या बुटाला कळत नाही. शिवाय बूट ही वस्तूही सामान्य घरातील मुलाला परवडणारी नव्हती. म्हणून अनवाणी खेळणे हा कोणाचा हट्ट नव्हता, ते एक कमावलेले कसब होते. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाची स्थापना १९३७ साली झाली, आणि स्वतंत्र देशाचा संघ म्हणून जगापुढे उभे राहण्याचा पहिला प्रसंग आला तो १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये.

तो सामना इल्फर्ड येथील क्रिकलफील्ड मैदानावर ३१ जुलै रोजी फ्रान्सशी झाला. कर्णधार होते नागा टेकड्यांतून कलकत्त्यास वैद्यकीय शिक्षणासाठी आलेले तालिमेरेन आओ. आपल्या बहुसंख्य खेळाडूंच्या पायांत बूट नव्हते, आणि तरीही चेंडूवरील त्यांची हुकमत पाहून इंग्रज प्रेक्षक चकित झाले. फ्रान्सने पहिला गोल केला. आपल्याला दोन पेनल्टी मिळाल्या, त्यांतील एक शैलेन मन्ना यांनी आणि दुसरी महावीर प्रसाद यांनी वाया घालविली. आणि अखेर सत्तराव्या मिनिटास सारंगपाणी रामन यांनी स्वतंत्र भारताचा पहिला आंतरराष्ट्रीय गोल नोंदवून बरोबरी साधली. आपल्याकडील दंडकाप्रमाणे त्या क्षणी पंचाने अखेरची शिटी फुंकली असती आणि फ्रान्ससारख्या देशाशी १-१ अशी बरोबरी करून आपले खेळाडू तंबूत परतले असते. पण लंडनच्या घड्याळात अजून वीस मिनिटे शिल्लक होती, आणि सामना सरता सरता, एकोणनव्वदाव्या मिनिटास, फ्रान्सने दुसरा गोल केला. त्या दोन पेनल्टींची हळहळ पुढे दोन पिढ्यांनी केली. त्या वीस मिनिटांचा विचार मात्र कोणाच्या दफ्तरात नोंदला गेल्याचे दिसत नाही.

विश्वचषकाविषयी थोडक्यातच सांगतो. आपल्या गटातील इतर देशांनी माघार घेतल्यामुळे भारताला १९५० च्या ब्राझील येथील स्पर्धेत एकही सामना न खेळता प्रवेश मिळाला. स्वीडन, इटली आणि पॅराग्वे यांच्या गटात नावही निघाले. यजमानांनी खर्चाचा मोठा भाग सोसण्याची तयारी दाखविली. आणि तरीही महासंघाने जाण्याचे नामंजूर केले. अनवाणी खेळण्यास मनाई झाली म्हणून आपण गेलो नाही, ही लोकप्रिय कथा पुरेशी नाही. ऑलिंपिकपुढे विश्वचषकाची मातबरी त्या काळच्या कारभाऱ्यांना वाटली नाही, लांबच्या प्रवासाचा आणि सरावाच्या वेळेचा बाऊ वाटला, हेच त्यामागचे खरे कारण असावे असे मला वाटते. ती चूक होती, आणि तिची भरपाई आजतागायत झालेली नाही.

त्याच वर्षी सय्यद अब्दुल रहीम यांच्याकडे राष्ट्रीय संघाची सूत्रे आली, आणि पुढील तेरा वर्षांचा इतिहास हा बऱ्याच अंशी ह्या एका माणसाचा इतिहास आहे. रहीम हे हैदराबादचे, पेशाने शाळाशिक्षक, उस्मानिया विद्यापीठाचे पदवीधर, आणि १९४३ पासून हैदराबाद फुटबॉल असोसिएशनचे चिटणीस. संस्थानी अमलातील त्या शहरात त्यांनी सिटी पोलीस संघ असा काही घडविला की, १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे रोव्हर्स चषक मुंबईहून हैदराबादेसच जात राहिला आणि तेथील कूपरेज मैदानावरच्या प्रेक्षकांनी तो नेणाऱ्यांचे कौतुकही मनापासून केले. त्यांच्या शिकविण्यातील दोन युक्त्या सांगण्यासारख्या आहेत. एक अशी की, चेंडू पायाशी घोळवीत नेण्यास ज्यांत मनाईच असे, अशा स्पर्धा त्यांनी भरविल्या, जेणेकरून मुलाला आल्या चेंडूला ताबडतोब वाट करून द्यावीच लागे. आणि दुसरी अशी की, ज्याचा उजवा पाय वळणाचा त्याने केवळ डाव्यानेच खेळावे, अशाही स्पर्धा त्यांनी घेतल्या. ज्या देशात घोळवीत नेणाऱ्या एकट्या वीरालाच टाळ्या मिळत, तेथे हा शिक्षक अकरांचा खेळ शिकवीत होता. चेंडू धावला म्हणजे माणसाला कमी धावावे लागते, आणि कमी धावलेला माणूस शेवटपर्यंत पुरतो. ह्या दृष्टीने पाहिले तर रहीम यांची ती पद्धती म्हणजे त्या वीस मिनिटांवरील पहिला विचारपूर्वक काढलेला तोडगा होता.

यश ताबडतोब आले, आणि अपयशही. १९५१ च्या मार्चमध्ये दिल्लीत भरलेल्या पहिल्या आशियाई क्रीडास्पर्धेत पंडित नेहरूंच्या समक्ष मेवालाल यांच्या एकमेव गोलावर इराणला हरवून भारताने सुवर्णपदक मिळविले. त्यानंतर सव्वा वर्षाने हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्ये, त्या उत्तरेकडील थंडीत, युगोस्लाव्हियाने आपल्यावर दहा गोल चढविले आणि अहमद खान यांचा एक गोल काय तो आपल्या पदरी पडला. ह्या मानहानीतून दोन निर्णय निघाले, आणि दोन्ही योग्य होते: महासंघाने बूट सक्तीचे केले, आणि रहीम यांनी दोन पाठीराख्यांची जुनी मांडणी सोडून तिसरा पाठीराखा मागे आणला. मुदतीचा प्रश्न मात्र तसाच राहिला.

मेलबर्न ऑलिंपिकची हकीकत सांगताना मुंबईकराचा ऊर भरून आल्यावाचून राहत नाही. गोव्याहून पोटापाण्यासाठी आलेली ख्रिस्ती माणसे धोबीतलावच्या आसपास आपापल्या गावच्या नावाने काढलेल्या ‘कुडां’त राहत, बोटीवर जाणारा खलाशी, आचारी, वाजंत्री, कारकून अशा सर्वांचा तो आसरा असे, आणि फुटबॉल हा त्या वस्तीचा श्वास होता. ह्या गोवेकर समाजातून नेव्हिल डिसोझा पुढे आले, टाटांच्या संघाकडून कूपरेजवर नावारूपास चढले, आणि १९५६ च्या १ डिसेंबरला यजमान ऑस्ट्रेलियाविरुद्ध त्यांनी एकट्याने तीन गोल केले. ऑलिंपिकच्या फुटबॉलमध्ये तीन गोलांचा असा पराक्रम त्यांच्यापूर्वी कोणाही आशियाई खेळाडूने केलेला नव्हता. भारताने तो सामना ४-२ असा जिंकला आणि उपांत्य फेरी गाठली. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये तेथवर पोहोचणारा तो आशियातील पहिला संघ. त्या संघात बंगालचे समर ऊर्फ बद्रू बॅनर्जी कर्णधार, प्रदीपकुमार बॅनर्जी उजव्या बगलेवर, आणि रहीम यांच्या हैदराबादेचे अझीझ, नूर, झुल्फिकारुद्दीन, बलराम असे सारे एकत्र आले होते. युगोस्लाव्हियाविरुद्ध मध्यंतरानंतर डिसोझा यांनीच गोल करून आघाडीही मिळविली. पण हेलसिंकीच्या त्या प्रबळ प्रतिस्पर्ध्याने उत्तरार्धातच चार वेळा तिची परतफेड केली. पुढे बल्गेरियाकडूनही हार झाली आणि भारत चौथा आला. डिसोझा स्पर्धेतील सर्वाधिक गोल करणाऱ्या तिघांपैकी एक ठरले. आज त्यांचे नाव मुंबईच्या रस्त्यावर किती जणांना सांगता येईल, ह्याचा विचार मनात आला म्हणजे खेद वाटतो.

१९६० च्या रोम ऑलिंपिकमध्येही तोच अनुभव. हंगेरीकडून आपण केवळ २-१ असे हरलो. फ्रान्सविरुद्ध कर्णधार प्रदीपकुमार बॅनर्जी यांनी गोल करून बाराएक वर्षांपूर्वीचा हिशोब चुकता करण्याची वेळ आणली, आणि ब्याऐंशीव्या मिनिटास फ्रान्सने बरोबरी साधली.

मग जकार्ता आले. १९६२ च्या त्या आशियाई स्पर्धेत इस्रायल आणि तैवान यांना इंडोनेशियाने वगळल्याबद्दल भारताचे गुरुदत्त सोंधी यांनी उघड आक्षेप घेतला, आणि त्याचा राग तेथील जनतेने आपल्या वकिलातीवर हल्ला करून आणि मैदानावर आपल्या खेळाडूंची हुर्यो उडवून काढला. रहीम तेव्हा कर्करोगाने खंगले होते. पहिल्याच सामन्यात दक्षिण कोरियाने आपल्याला २-० असे हरविले. थायलंडविरुद्ध पंजाबचा तो बलदंड बचावपटू जर्नैलसिंग डोक्याला जखम होऊन टाके पडल्यामुळे जायबंदी झाला, आणि तरी आपण ४-१ असे जिंकलो. जपानलाही २-० असे नमविले. उपांत्य सामन्यासाठी रहीम यांनी जी तजवीज केली ती आजही विलक्षण वाटते. ज्याच्या डोक्याला टाके आहेत त्या जर्नैलसिंगला विश्रांती देणे सोपे होते, पण जो बचावपटू म्हणून चेंडू डोक्याने परतवितो त्यालाच त्यांनी आघाडीच्या मधोमध उभे केले, आणि त्याने दक्षिण व्हिएतनामविरुद्ध एक गोल करून गुरूचा शब्द राखला. उरलेले दोन कर्णधार चुनी गोस्वामी यांनी केले.

अंतिम सामना ४ सप्टेंबरला पुन्हा दक्षिण कोरियाशीच होता. सेनायनच्या अफाट मैदानावर सुमारे एक लाख प्रेक्षक, आणि त्यांतील जवळजवळ प्रत्येक कंठ आपल्याविरुद्ध. आजारातून नुकताच उठलेला गोलरक्षक पीटर थंगराज गोलात; मधल्या फळीत मुंबईच्या टाटा संघाचा, मूळचा गोव्याचा फोर्तुनातो फ्रँको. सतराव्या मिनिटास प्रदीपकुमार बॅनर्जी यांनी आणि विसाव्या मिनिटास जर्नैलसिंग यांनी गोल केला. त्यानंतरची सत्तर मिनिटे संघाने ती आघाडी जपली, म्हणजे देशातील एका पूर्ण सामन्याइतका काळ, आणि तोही अंतिम सामन्याच्या ताणाखाली. पंच्याऐंशीव्या मिनिटास कोरियाने एक गोल फेडला. लंडन आणि रोम ह्यांची आठवण ज्यांना होती त्यांच्या मनात काय आले असेल ते सांगावयास नको. पण ह्या वेळी अकराजण आपापल्या जागी ठाम राहिले. २-१. रहीम पुढच्याच वर्षी, ११ जून १९६३ रोजी, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी निवर्तले. त्यांच्या जागी तसा माणूस आपल्याला पुन्हा लाभला नाही.

पुढचा प्रवास उताराचा आहे. १९६४ च्या आशिया चषकातील उपविजेतेपद आणि १९७० च्या बँकॉकमधील आशियाई स्पर्धेतील कांस्यपदक ही जुन्या पुण्याईची फळे होती. इराण, सौदी अरेबिया, कोरिया, जपान हे देश राज्याच्या खजिन्यातून, व्यावसायिक खेळाडू आणि परदेशी शिक्षक घेऊन पुढे निघाले; आपल्याकडे कलकत्त्याच्या क्लबांचे हंगाम आणि राष्ट्रीय संघाची शिबिरे यांचा तंटा संपता संपेना. १९८२ च्या दिल्लीतील आशियाई स्पर्धेच्या उपांत्यपूर्व सामन्यात सौदी अरेबियाने एकच गोल केला, तोही सामना संपता संपता. १९८४ च्या आशिया चषकात इराणला गोलशून्य बरोबरीत रोखणे हीच आपली मोठी कमाई ठरली. त्या काळात गोलरक्षणाची धुरा वाहणारे ब्रह्मानंद शंखवाळकर हेही गोमंतकाचेच.

कालांतराने देशातील सामनेही नव्वद मिनिटांचे झाले, आणि ती जुनी सबब गेली. २००८ साली सुनील छेत्री यांच्या तीन गोलांनी ताजिकिस्तानला दिल्लीत हरवून भारताने २०११ च्या आशिया चषकात प्रवेश मिळविला, तेथे तिन्ही सामने गमावले, आणि २०१९ च्या आशिया चषकात थायलंडवर ४-१ असा विजय मिळवून पुन्हा आशा उत्पन्न केली. शारजा येथे बहारीनशी बरोबरी झाली असती तरी पुढील फेरी निश्चित होती; नव्वद मिनिटे पूर्ण होईपर्यंत एकही गोल झाला नव्हता, आणि त्यानंतर वाढविलेल्या वेळेच्या पहिल्याच मिनिटास बहारीनने पेनल्टीवर सामना जिंकला. ह्या पराभवाला सत्तर मिनिटांच्या सवयीचे कारण देता येणार नाही. त्या संघातील मुले वयाच्या बाराव्या-तेराव्या वर्षी वर्षाकाठी किती चुरशीचे सामने खेळली आणि त्याच वयाची जपानी मुले किती खेळली, ह्याचा ताळेबंद महासंघाने मांडावा, कारण रहीम यांनी हैदराबादेत तोच प्रश्न आधी हाती घेतला होता आणि त्यांचे उत्तर शाळेच्या मैदानापासून सुरू होत होते.