दुसऱ्याने रचलेले साहस विकत कोण घेणार? #इतिहास #धागा

१/ जानेवारी १९७४. अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात, लेक जिनिव्हा या लहानशा गावी एका नव्या खेळाच्या एक हजार प्रती विक्रीस आल्या. एका खोक्यात तीन पातळ पुस्तिका, किंमत दहा डॉलर. नाव होते ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’.

२/ या खेळाला ठरावीक पट नव्हता आणि शेवटी जिंकणारा कोणी नसे. एक जण सूत्रधार होई. भुयार, त्यातील दालने, सापळे, राक्षस आणि खजिना तो आधी कागदावर रचून ठेवी. बाकीचे योद्धा, मांत्रिक अशी पात्रे घेऊन आपण काय करतो ते तोंडी सांगत, आणि निकाल अनिश्चित असेल तेथे फासे टाकले जात.

३/ या खेळाचे कर्ते दोघे, गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन. विम्याची नोकरी गेल्यानंतर गायगॅक्स पादत्राणे दुरुस्त करून संसार चालवीत होते. त्यांच्या ‘टीएसआर’ या संस्थेची धारणा स्पष्ट होती: नियम आम्ही देऊ, कल्पना ज्याची त्याने करावी. तयार भुयार विकत घेणे म्हणजे खेळातला अर्धा आनंद दुसऱ्याच्या हवाली करणे.

४/ साहित्याची तर उसनवारीच होती. वीस पृष्ठांचा फासा खेळण्यांच्या दुकानात मिळत नसे. शाळांना गणिताची साधने पुरवणाऱ्या कॅलिफोर्नियातील एका कंपनीकडून तो मागवला जाई. त्यावर ० ते ९ हे अंक दोनदा असत. म्हणून खेळाडू निम्म्या अंकांत निराळ्या रंगाचा खडू भरत.

५/ राक्षसांची कथा याहून गमतीची. हाँगकाँगमध्ये बनलेल्या स्वस्त प्लास्टिकच्या चित्रविचित्र प्राण्यांची एक पिशवी गायगॅक्स यांच्या हाती लागली. घुबडाच्या तोंडाचे अस्वल आणि लोखंडाला गंज चढवून खाणारा प्राणी, असे या खेळातील पुढे प्रसिद्ध झालेले जीव त्या खेळण्यांवरून सुचले. म्हणजे येथे साहित्य आधी आले आणि कल्पना मागाहून. ‘ज्याची त्याने कल्पना करावी’ म्हणणाऱ्यांनीही बाहेरचा आधार घेतलाच होता.

६/ १९७५ मध्ये आर्नेसन यांच्या ‘ब्लॅकमूर’ या पुरवणीत बेडकाच्या मंदिराचे एक साहस छापले गेले, पण ते नियमांच्या सोबतीने. त्याच वर्षी बाल्टिमोरच्या ‘ओरिजिन्स’ मेळाव्यातील स्पर्धेसाठी गायगॅक्स यांनी एक अत्यंत घातक थडगे रचले. ते विक्रीसाठी छापले जायला मात्र १९७८ उजाडले.

७/ वाट पाडली ती खेळाडूंनी. १९७६ मध्ये पीट आणि जूडी केरेस्टन यांनी ‘पॅलेस ऑफ द व्हँपायर क्वीन’ काढले. स्वतंत्रपणे विकले गेलेले हे बहुधा पहिलेच साहस. गोष्ट नाममात्र: बुटक्यांच्या राजाची कन्या पळवली गेली आहे, तिला सोडवा. पुढे नकाशे आणि कोणत्या दालनात काय आहे याचे तक्ते. वाङ्मय म्हणून ते रूक्षच. परंतु दमलेल्या सूत्रधाराला नेमके तेच हवे होते.

८/ त्याच वर्षी इलिनॉयमधील डिकेटर येथील बॉब ब्लेडसॉ आणि बिल ओवेन यांनी ‘जजेस गिल्ड’ उभी केली. टीएसआरला या व्यवसायात विशेष अर्थ दिसला नाही, त्यामुळे परवानगी सहज मिळाली. दोघांनी जेन कॉन मेळाव्यात एका संपूर्ण काल्पनिक नगराचा नकाशा विकायला मांडला आणि वर्गणीदारही मिळवले. १९७७ मध्ये त्यांनी ‘जजेस शील्ड’ काढली: उपयोगी कोष्टके छापलेला जाड कागदाचा आडोसा, ज्यामागे सूत्रधाराची टिपणे झाकली जात.

९/ टीएसआरचा अंदाज कोठे चुकला? लोकांकडे कल्पनेचा तुटवडा नव्हता, वेळेचा होता. शनिवारी मित्र जमणार, आणि त्याआधी चाळीस दालने रचायची, ही विद्यार्थ्याला वा नोकरदाराला न झेपणारी मेहनत होती. खेळ पसरू लागला तसे हौशी कमी आणि घाईतले अधिक झाले. (घाईतले कमी प्रतिभावान, असा मात्र याचा अर्थ नव्हे.)

१०/ १९७८ मध्ये टीएसआरही बाजारात उतरली. राक्षसी देहाच्या मानवांविरुद्धची तीन साहसे निघाली. मुखपृष्ठ सुटे, नकाशा त्याच्या आतल्या बाजूस. पण सर्वांत बोलके ठरते ते माइक कार यांचे ‘इन सर्च ऑफ द अननोन’. दालनांचे वर्णन छापलेले, राक्षसांची आणि खजिन्याची यादी वेगळी. कोणाला कोठे बसवायचे ते सूत्रधाराने पेन्सिलीने भरायचे. जुन्या धारणेशी केलेली ही तडजोड होती, आणि ती सुंदर होती.

११/ नवशिक्यांच्या खोक्यात हेच साहस घातले जाऊ लागले. खप इतका वाढला की १९७९ च्या सुमारास फासे अपुरे पडले. तेव्हा खोक्यात अंक छापलेला पुठ्ठा येई; त्याचे तुकडे कापून पेल्यात घालायचे आणि न पाहता एक उचलायचा.

१२/ जजेस गिल्डचा परवाना १९८२ मध्ये संपला आणि वाढवला गेला नाही. तोवर टीएसआर स्वतःच साहसांची मोठी विक्रेती झाली होती. गिल्ड काही वर्षांत मिटली. पुठ्ठ्याचा तो आडोसा मात्र आजही कंपन्या विकतात आणि सूत्रधार त्यामागे बसतात.