लव्ह कॅनॉल : एका खरेदीखताची आणि एका नकाशाची कथा

औद्योगिक प्रदूषणाचा इतिहास बहुधा रसायनांचा इतिहास म्हणून लिहिला जातो. तो तसा आहेच; पण तितकाच तो दस्तऐवजांचा आणि त्यांच्या वाचनाचाही इतिहास आहे. कोणत्या कागदाला पुरावा म्हणायचे, कोणाच्या निवेदनाला केवळ तक्रार म्हणायचे आणि ‘धोका’ या शब्दाचा अर्थ कोणी ठरवायचा, हे प्रश्न साहित्याच्या अभ्यासकाला परके नसावेत. अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्याच्या नायगारा फॉल्स शहरातील लव्ह कॅनॉल वस्तीचे प्रकरण या दृष्टीने पुन्हा वाचण्यासारखे आहे.

या नावाचा प्रेमाशी काही संबंध नाही. विल्यम लव्ह नावाच्या उद्योजकाने १८९०च्या दशकात जलविद्युत निर्मितीवर आधारलेल्या आदर्श नगरीचे स्वप्न पाहिले आणि त्यासाठी कालवा खणायला घेतला. योजना बारगळली, खड्डा उरला. १९४२ ते १९५३ या काळात हूकर केमिकल कंपनीने या खड्ड्यात सुमारे २१,८०० टन रासायनिक कचरा पुरला. त्यानंतर वरून माती लोटून ती जागा १९५३ मध्ये शहराच्या शाळा मंडळाला अवघ्या एका डॉलरला विकण्यात आली.

त्या व्यवहाराचे खरेदीखत हा या कथेतील पहिला महत्त्वाचा मजकूर होय. ही जमीन रसायननिर्मितीतील टाकाऊ पदार्थांनी भरलेली आहे आणि त्यापासून पुढे इजा, मृत्यू वा मालमत्तेची हानी झाल्यास कंपनीवर दावा करता येणार नाही, असे त्यात नमूद आहे. म्हणजे धोक्याचे ज्ञान होते आणि ते लिहूनही ठेवले होते. मात्र ते ज्या भाषेत लिहिले गेले, ती सावध करण्याची भाषा नव्हती. जबाबदारी हस्तांतरित करण्याची होती. मंडळाने त्या जागेवर शाळा बांधली, भोवती घरे उभी राहिली. घर घेणाऱ्या कामगार कुटुंबांपर्यंत त्या खताचा आशय बहुतांशी पोहोचलाच नाही.

सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात अतिवृष्टी व हिमवर्षाव यांमुळे भूजल वर आले आणि तळघरांच्या भिंतींतून काळसर द्रव पाझरू लागला. ‘नायगारा गॅझेट’चा वार्ताहर मायकेल ब्राउन याने हा विषय लावून धरला. २ ऑगस्ट १९७८ रोजी राज्याचे आरोग्य आयुक्त रॉबर्ट व्हेलन यांनी आणीबाणी जाहीर केली. शाळा बंद ठेवावी आणि कालव्यालगतच्या घरांतील गरोदर स्त्रिया व दोन वर्षांखालील मुले यांनी अन्यत्र जावे, असा आदेश निघाला. मग तीन वर्षांच्या मुलाचे काय, असे आयांनी विचारले. पाचच दिवसांनी अध्यक्ष कार्टर यांनी आणीबाणी घोषित केली आणि कालव्याला लागून असलेल्या दोन रांगांतील २३९ कुटुंबांना हलवण्याचा निर्णय झाला. त्यापलीकडे कुंपण घातले गेले.

खरा वाद सुरू झाला तो कुंपणाबाहेरच्या घरांविषयी. शासनाचे गृहीतक भूमितीचे होते : कालव्यापासून जितके अंतर अधिक, तितका धोका कमी. लोइस गिब्ज या गृहिणीने शेजाऱ्यांकडून दूरध्वनीवर आजारांची माहिती गोळा केली आणि नकाशावर खुणा करत गेली. त्या खुणा वर्तुळात विखुरल्या नाहीत. विशिष्ट रेषांत गोळा होऊ लागल्या. जुन्या रहिवाशांच्या आठवणींतून उलगडा झाला. त्या रेषा बुजवलेल्या ओहोळांच्या होत्या. बफेलो येथील कर्करोग संशोधिका बेव्हर्ली पेगन यांनी या माहितीला शास्त्रीय मांडणी दिली. ओहोळांवरील ओलसर घरे आणि कोरडी घरे वेगळी करून पाहिली, तर फरक दिसतो. केवळ अंतरानुसार गट केले, तर दोन्ही प्रकारची घरे एकत्र मिसळतात आणि फरक विरून जातो. गटवारी बदलताच निष्कर्ष बदलतो, ही गोष्ट येथे ध्यानात घेतली पाहिजे.

आरोग्य खात्याच्या वर्तुळात या माहितीची संभावना ‘गृहिणींची निरुपयोगी आकडेवारी’ अशी झाली. तरीही खात्याने स्वतः पडताळणी केल्यावर ओलसर भागात गर्भपात व कमी वजनाची अर्भके यांचे प्रमाण अधिक आढळले आणि फेब्रुवारी १९७९ मध्ये व्यापक क्षेत्रातील गरोदर स्त्रिया व लहान मुले यांच्यासाठी दुसरा आदेश काढावा लागला.

मात्र या कथेला ‘शहाण्या गृहिणी आणि निर्दय तज्ज्ञ’ असे सोपे रूप देणे अन्यायाचे ठरेल. रहिवाशांची पाहणी ऐकीव माहितीवर आधारलेली होती. १९८० मध्ये केंद्रीय पर्यावरण संस्थेसाठी झालेल्या अभ्यासात ३६ पैकी ११ व्यक्तींच्या गुणसूत्रांत विकृती असल्याचे सांगितले गेले. त्यात तुलनेसाठी नियंत्रित गटच नव्हता. राज्यपालांनी नेमलेल्या तज्ज्ञ समितीने दोन्ही अभ्यासांवर कठोर टीका केली. या समितीचे अध्यक्ष होते ‘द लाइव्हज ऑफ अ सेल’चे लेखक, ललित निबंधकार म्हणून आपल्याला परिचित असलेले लुइस थॉमस! तोपर्यंत निर्णय मात्र झालेला होता. गुणसूत्रांची वार्ता फुटल्यावर संतप्त रहिवाशांनी दोन केंद्रीय अधिकाऱ्यांना काही तास अडकवून ठेवले आणि दोनच दिवसांनी, २१ मे १९८० रोजी, कार्टर यांनी दुसरी आणीबाणी जाहीर केली. त्याच वर्षी डिसेंबरात दूषित स्थळांच्या सफाईसाठी ‘सुपरफंड’ कायदा झाला.

राज्याच्या आरोग्य खात्याचा दीर्घकालीन अभ्यास २००८ मध्ये पूर्ण झाला. कर्करोगाचे एकूण प्रमाण वाढलेले आढळले नाही. त्या वस्तीत राहणाऱ्या मातांच्या मुलांत जन्मजात व्यंगे मात्र अपेक्षेहून अधिक होती. तीस वर्षांनी आलेले हे उत्तरही कोणत्याही एका पक्षाला पूर्ण विजय देत नाही.

‘धोक्याचा पुरावा नाही’ आणि ‘धोका नाही’ ही दोन विधाने व्याकरणदृष्ट्या जवळची, पण अर्थाने फार दूरची आहेत. कमी लोकसंख्येच्या वस्तीत संख्याशास्त्र सहसा पहिलेच विधान करू शकते. प्रशासन त्याचे वाचन दुसऱ्यासारखे करते. नसलेला धोका आहे असे मानले, तर खर्च तिजोरीला येतो. असलेला धोका नाही असे मानले, तर तो गर्भातील जिवाला सोसावा लागतो. यांपैकी कोणती चूक पत्करायची, हे प्रयोगशाळा सांगू शकत नाही. तो नैतिक निर्णय आहे, आणि लव्ह कॅनॉलमध्ये तो दीर्घकाळ शास्त्राच्या भाषेआड लपून राहिला. तो उघड्यावर आणण्याचे काम त्या खुणांच्या नकाशाने केले. त्याची आकडेवारी सदोष होती, हे मान्य करूनही त्याचे हे श्रेय नाकारता येत नाही.