परक्या छावणीतले लेकरू

सिंदखेड राजा, देऊळगाव राजा आणि आमचे पिंपळगाव राजा. बुलडाणा जिल्ह्यातील या तिन्ही गावांच्या नावाला ‘राजा’ जोडलेला आहे. सिंदखेड म्हणजे जिजाऊंचे माहेर, हे साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. पण त्याच जाधव घराण्याची एक लेक पुढे मोगलांच्या छावणीत भोसल्यांची सून झाली, हे आमच्या जिल्ह्यातही फारसे कुणी सांगत नाही.

११ मार्च १६८९ रोजी औरंगजेबाने संभाजीराजांना हालहाल करून मारले. त्याच वर्षी नोव्हेंबरात रायगड पडला आणि येसूबाई सात वर्षांच्या शाहूला घेऊन मोगलांच्या हाती सापडल्या. बापाला मारणाऱ्याच्या छावणीत लेकरू वाढवायचे, हा प्रसंग त्या आईवर आला. आजच्या भाषेत आपण ‘परक्या संस्कृतीत मुलांचे संगोपन’ म्हणतो. त्याचे याहून कठीण उदाहरण आम्हाला तरी आठवत नाही.

ही छावणी म्हणजे चालते शहरच होते. बादशहाच्या डेऱ्यांभोवतीच्या आवाराला गुलालबार म्हणत. त्याच्या आसऱ्याला या मायलेकरांचा मुक्काम असे. शाहूला सात हजारी मनसब आणि ‘राजा’ हा किताब मिळाला, पण पहारा उठला नाही. त्याच्याकडे मायेने पाहिले ते बादशहाची लेक झीनतुन्निसा बेगम हिने. ही बेगम आयुष्यभर अविवाहित राहिली. शत्रूच्या पोराला तिने जीव लावला, हे मराठी इतिहासकारही मान्य करतात.

एक आठवण मोगली बाजूकडून येते. शाहू शिजवलेले अन्न घेत नाही, फळे आणि मिठाईवरच राहतो, असे बादशहाच्या कानावर गेले. कैदेत शिजवलेले खायचे नाही, असा त्याचा नेम होता. बादशहाने निरोप धाडला, की तू कैदेत नाहीस, आपल्या घरी आहेस, जेवत जा. परक्या घरात मूल काय खाते, यावरूनच आईची अर्धी लढाई चाललेली असते. दुसरी आठवण बखरीच्या वळणाची आहे. छावणीतच शाहूची लग्ने झाली. एक मुलगी कण्हेरखेडच्या शिंद्यांची, दुसरी सिंदखेडच्या जाधवांची. बादशहाने नवी सून पाहायची इच्छा दाखवली, तेव्हा येसूबाईंनी सुनेऐवजी विरूबाई नावाच्या दासीला सजवून पाठवले, असे सांगतात. थेट नकार द्यायची सोय नव्हती आणि रीतही मोडायची नव्हती.

सगळेच गोड होते असे आम्ही म्हणणार नाही. शाहूने धर्म बदलावा यासाठी दबाव आला. त्याच्याऐवजी प्रतापराव गुजरांचे पुत्र मुसलमान झाले, अशी परंपरा आहे. दीन दबावाने रुजत नाही, हे आपण मुसलमानांनी तरी मोकळेपणाने म्हटले पाहिजे.

१७०७ मध्ये औरंगजेब वारला आणि आझमशहाने शाहूला सोडले. येसूबाई मात्र ओलीस राहिल्या. त्या घरी आल्या १७१९ मध्ये, बालाजी विश्वनाथाबरोबर, तीस वर्षांनी. शाहू परतला तेव्हा पंचवीस वर्षांचा होता. ताराबाईंच्या पक्षाने हा तोतया आहे अशी हाकाटी केली. छावणीत त्याला मराठा म्हणून ओळखत आणि घरी आल्यावर घरचेच विचारू लागले, हा आपला आहे का? पुढेही त्याच्या मवाळपणाचा दोष कित्येकांनी मोगली वळणाला दिला. पण १७४९ पर्यंत याच मवाळ राजाच्या काळात मराठ्यांचे राज्य हिंदुस्थानभर पसरले. सुटकेनंतर तो खुलदाबादला औरंगजेबाच्या कबरीवर गेला होता, असे सांगतात. साताऱ्याची बेगम मशीद त्याने झीनतुन्निसाच्या आठवणीत बांधली, असेही म्हणतात. बापाचा खून तो विसरला नाही आणि बेगमेची मायाही विसरला नाही. एकाच काळजात दोन्हीला जागा असू शकते.

आज आमच्या ओळखीतली मुले दुबईत आहेत, लंडनमध्ये आहेत. तिथे लेकराला चापट मारली तरी शेजारी तक्रार करतील ही धास्ती असते. सुट्टीत गावी आलेल्या नातवाला वऱ्हाडी बोली कळत नाही आणि त्याच्या तोंडची इंग्रजी दादीला कळत नाही. मग कुणीतरी हसून म्हणते, “हा काही आपला राहिला नाही.” हे वाक्य तोंडातून निघण्यापूर्वी शाहू आठवावा. तोतया म्हणायला क्षणही लागत नाही. येसूबाईंनी मात्र परक्या तंबूत अठरा वर्षे लेकरू आपले ठेवले आणि परक्याची माया घेण्यापासून त्याला अडवलेही नाही. आपल्या मुलांना वाढवताना आपल्याला एवढे साधले तरी पुष्कळ आहे.